सरांनी निनादला काय सांगितलं असतं

काकू, आवाज येतोय ना? शिंदे दादा, फोन जरा स्पीकरजवळ धरा, दळवी काकू साताऱ्याहून ऐकतायत. येतोय? बरं.

नमस्कार. सगळे आलात. शिंदे दादा एवढ्या लांबून, खोर फक्कानहून ड्यूटी बदलून आलेत, मरीनाची मंडळी आलीयत, उद्या ऑफिस आहे तरी आलात. माझा आवाज कोर्टवरून पार्किंगपर्यंत जातो, असं दळवी सरच म्हणायचे. आज मी हळू बोलतेय. सर गेल्याचं दुःख आहेच. पण मला जे बोलायचंय, ते शोकसभेत बोलतात तसलं नाहीये, म्हणूनही. आज बोलले नाही, तर गुरुवारनंतर बोलून काही उपयोग नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मुग्धा. जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑडिटचं काम करते, आणि वीकेंडला सरांच्या हाताखाली मुलांना बास्केटबॉल शिकवते. आधी मी त्यांचीच खेळाडू. त्या संध्याकाळी प्रॅक्टिस संपली, सर घरी गेले, छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं खलास. मग कागदपत्रं, आणि मग पार्थिव विमानानं साताऱ्याला. आपल्याला खांदासुद्धा देता आला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

सर कोण होते, हे तुम्हाला काय सांगू? तरुणपणी कॉलेज अर्धवट सोडून एका कंपनीच्या टीमकडून खेळायला गेले. गुडघा गेला. पाठोपाठ नोकरी गेली. हातात डिग्री नव्हती. मग इथे आखातात आले. शाळेत त्यांनी आपल्या दोन पिढ्यांना खेळवलं, पण कागदावर ते क्रीडाशिक्षक कधीच नव्हते. कागदावर ते स्टोअरकीपर होते. ट्रॉफी आली की बक्षीस घ्यायला दुसरंच कुणी जायचं, आणि सर बॉल मोजत बसायचे.

म्हणून त्यांचं एकच पालुपद. आधी डिग्री.

"सर, क्लबनं बोलावलंय." छान, आधी डिग्री. "सर, ट्रायल आहे." यल्ला, चल, जाऊन ये, पण आधी डिग्री. मलाही पुण्याच्या टीमचं बोलावणं आलं होतं, तेव्हा तेच. मी ऐकलं. माझं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. घर आहे, नोकरी आहे.

आता निनाद. राणे काका-काकूंचा निनाद. आपल्या अंगाखांद्यावर वाढला आणि आता दारातून वाकून आत येतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज टीमचा कॅप्टन. सर्बियातल्या एका छोट्या क्लबनं त्याला प्रोफेशनल काँट्रॅक्ट देऊ केलंय. जायचं तर आत्ता, कॉलेज सोडून. गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

आणि सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. "दळवी सरांची शेवटची इच्छा होती, निनादनं डिग्री पूर्ण करावी." खाली सगळ्यांचे जोडलेले हात. ओळीनं जोडलेले हात.

राणे काका, तुम्ही तो मनापासून लिहिलात, मला माहीत आहे. सर जन्मभर तेच सांगत आले, मग शेवटीही तेच सांगितलं असतं, असं तुम्हाला वाटलं. कुणालाही वाटेल. पण आपल्याकडे शेवटची इच्छा म्हटली की विषय संपतो. जिवंत माणसाशी वाद घालता येतो. "सर, असं कसं म्हणता?" असं विचारता येतं. गेलेल्या माणसाशी कसं भांडायचं?

मघाशी खाली लिफ्टपाशी मी निनादला विचारलं, काय ठरवलंस? तो म्हणाला, "ताई, सर सेड सो. देन इट्स डन, ना?"

नाही रे. सर तसं म्हणाले नाहीत.

त्या संध्याकाळी सरांना घरी मी सोडलं. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. मी सहज विचारलं, सर, निनादला काय सांगणार? मला वाटलं, म्हणतील, त्यात विचारायचं काय? त्यांनी खिडकीची काच खाली केली.  मग म्हणाले, "मुग्धा, मला माहीत नाही."

मी म्हटलं, सर, तुम्हाला माहीत नाही?

म्हणाले, "आजवर सांगणं सोपं होतं गं. पोरं चांगली होती, पण तेवढी चांगली नव्हती. आधी डिग्री म्हणून मोकळं होता यायचं. हा पोरगा खरंच चांगला आहे. याला थांब म्हणायला जीभ उचलत नाही. आणि जा म्हणायला माझा गुडघा आठवतो."

मग मी विचारलं, विचारायला नको होतं. म्हटलं, सर, आणि मी? मी तेवढी चांगली होते का?

ते हसले. म्हणाले, "तू चहा पाज आधी." वाटेत करामा भागात थांबून चहा घेतला. पण उत्तर दिलं नाही. आता ते मला कुणाकडून मिळणार? रोज राग येतो मला त्यांचा. आणि राग आला की रडू येतं.

काकू, पुढचं वाक्य तुमच्यासमोर बोलणं अवघड आहे, सांभाळून घ्या. आपण सगळ्यांनी सरांना जीव लावला. आणि आपला मुलगा सरांसारखा व्हावा, असं आपल्यातल्या एकालाही वाटलं नाही. खरं की नाही? राणे काका, तुमची भीती हीच आहे. ती खोटी नाही. सरांनाही तीच भीती होती. पण मग ती स्वतःच्या नावानं सांगा ना. "बाळा, मला भीती वाटते," असं म्हणा. बापानं तसं म्हटलं तर मुलगा ऐकेल, भांडेल, रडेल, काहीतरी करेल. सरांच्या नावानं सांगितलंत तर तो नुसती मान खाली घालेल. मघाशी लिफ्टपाशी घातली तशी.

निनाद, जा असं मी म्हणत नाहीये. गेलास आणि पाय मोडून परत आलास तर पहिली शिवी मला बसेल, आणि मी ती खाईन. राहिलास, तर पुढे एखाद्या ऑफिसात बसून तुला कधीतरी वाटेल, की मी तेवढा चांगला होतो का? मला अजून वाटतं. यातलं कुठलं ओझं हलकं, ते मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक असेल असं आपण समजत होतो, त्यालाही ठाऊक नव्हतं. तू आहेस तेवढा चांगला, एवढंच ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं कौतुक, आणि ते तुझं आहे.

आता उठू या. दोन मिनिटं शांत उभे राहू. सरांसाठी. आणि ही दोन मिनिटं झाल्यावर जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गुरुवारपर्यंत, कुणीही निनादला सांगायचं नाही की सर काय म्हणाले असते.

सर, नमस्कार करते.

उभे राहा सगळे.