कौल माझ्या नावाचा

आमचं घर धामापूरच्या तळ्यापासून थोडं आत, वडील शेती करायचे आणि दोन्ही काका बोटीवर, त्यामुळे दहावी झाल्यावर तुला काय व्हायचंय असं मला कोणी विचारलंच नाही, मीही बोटीवर गेलो. खलाशी म्हणून लागलो, पुढे बोसन झालो, म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम. आमच्याच वाडीतला बाबी माझ्यामागून आला, तो खाली इंजिनात. नात्याने माझा कोणी नाही, पण दादा म्हणतो. परवा त्याला कंपनीचा फोन आला, पुन्हा तांबड्या समुद्रात जायचंय, आणि जाऊ की नको हे विचारायला तो माझ्याकडे आला. आता मी त्याला काय सांगितलं ते कळायचं तर मागचं सांगायला हवं.

तिकडे गाझात युद्ध पेटलं आणि येमेनातले इराणच्या बाजूचे बंडखोर इस्रायलशी संबंध असलेल्या बोटींवर ड्रोन सोडायला लागले, मग हळूहळू त्यांना कुठलीही बोट चालायला लागली. आमच्या गावात चहाच्या टपरीवर बसणारा प्रत्येक जण सेनापती. रे, अमेरिकेची विमानां इली, आता दोन दिसांत आटापता बघ, असं म्हणायचे. मलाही आधी तसंच वाटायचं. पण एका फेरीत मी डेकवर उभा होतो, सकाळी विमानं डोक्यावरून येमेनच्या डोंगराकडे गेली, दुपारी बातमी आली की बंडखोरांचा तळ उडवला, आणि अंधार पडायच्या आत त्याच डोंगराकडून एक ड्रोन आलं, जुन्या मोटारसायकलसारखं फटफटत, आणि आमच्या पुढच्या बोटीच्या बाजूला पाण्यात पडलं. तेव्हा मला समजलं, विमानाला जागा सापडते, माणूस सापडत नाही. ड्रोन लॉरीवरून सोडायचं, सोडलं की लॉरी दुसऱ्या घळीत, आणि विमान येऊन एवढा महागाचा बॉम्ब टाकतं तो रिकाम्या दगडांवर. लढाऊ जहाजं बरीच ड्रोन पाडायची, खोटं कशाला बोलू, पण सगळी नाही, आणि आमची मालाची बोट म्हणजे म्हैस, वळ म्हटलं की लगेच वळत नाही. त्या दिवसापासून मला भीती बसली, जेवण जाईना. बोललो नाही कोणाला. बोसनच घाबरला म्हटल्यावर खालच्या माणसांनी कोणाकडे बघायचं?

पुढच्या फेरीला ओमानच्या बंदरात कप्तानाने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं, म्हणाला, तांबड्या समुद्रातूनच जायचं ठरलंय, ज्याला नको त्याने सही करून इथे उतरावं, नोकरीला धक्का नाही. आता आमच्याकडे असं काही आलं की देवीला कौल लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, पाषाणाला पाकळ्या लावतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी बायकोला फोन केला, कौल लावून घे म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, डावो कौल इलो, तुमी उतरा. आणि काय सांगू तुम्हाला, मला हायसं वाटलं, घाबरलो म्हणायची गरजच उरली नाही.

बाबीही त्याच बोटीवर होता, त्याला म्हटलं, माका डावो कौल इलो, मी उतरतंय, तूय उतर. तो हसायला लागला, दादा, कौल तुझ्या नावाचो, माझ्या नावाचो खंय लावलो? त्याच आठवड्यात त्याचा चुलता वारला होता, घरात सुतक, देवळात जायचं नाही, मग त्याच्यासाठी कौल कोण लावणार? म्हणाला, देवीन माका काय जाव नको म्हणान सांगूक नाय. आमच्यात हे असंच, कौल आला की पुढे कोणी बोलत नाही, आणि कौल नसला तर त्याच्या जागी दुसरं काय धरायचं ते सुचत नाही. त्या विमानांचं, त्या लॉरीचं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ते बोललो असतो तर त्याने विचारलं असतं, मगे तू घाबारलंस? मी बॅग उचलली आणि उतरलो.

बोट तांबड्या समुद्रात शिरली आणि ड्रोन तिच्या मागच्या अंगाला, इंजिनाच्या वरच बसलं. माणसं वाचली, पण बाबीची पाठ आणि मान भाजली, अजून सैल शर्ट घालतो. गावात मात्र माझ्या कौलाचं कौतुक. बायकोने देवीची ओटी भरली. बाबीची आई मला म्हणाली, तुझी पुण्याई मोठी रे बाबा. तिच्या तोंडाकडे माझ्याने बघवलं नाही.

तर परवा बाबी आला, मी मागीलदारी नारळ सोलत होतो. दादा, आता सुतक नाय काय नाय, चल, गुरवाक सांगूया, कौल लावूया. मी म्हटलं, कौल रवांदे, आधी बस. आणि सगळं सांगितलं, डोंगराचं, लॉरीचं, माझ्या जेवणाचं. म्हटलं, माका भय वाटलेला रे, कौल मागसून इलो.

बाबीने एक सोललेला नारळ उचलून कडेला ठेवला. मग म्हणाला, तेवा घाबारलंय म्हटलं असतंस तर मी तुझ्या आधी उतारलंय असतंय. माका वाटला, ह्यो घाबरणारो नाय, देवीन सांगल्यान म्हणान उतरता. मी म्हटलं, होय. त्याने विचारलं, आता रे? आताय भय वाटता? म्हटलं, वाटता, तुझ्यासाठी. तो उठला, अंगणातूनच कंपनीला फोन लावला, शुद्ध मराठीत सांगितलं, त्या समुद्रात मी जाणार नाही, दुसरीकडची बोट असेल तर कळवा.

अजून कळवलेलं नाही. तो घरात बसून आहे आणि त्याची बायको माझ्यावर चिडलीय. काल वाटेत भेटली, म्हणाली, तुमी घाबारलास तर घाबारलास, माझ्या घोवाक कशाक घाबरवलास? तिचं काही चूक नाही. तेवढ्यात मागून बाबीने हाक मारली, गो, चल, उशीर होता, आणि ती बोलता बोलता वळली. देवी तिला माझ्याशी असंच भांडायचं बळ देवो, आणि मागून हाक मारायला तो असो.