एक अळी दाखवा!

बाजारात वजनकाट्याच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. व्यापारी प्रत्येकाची वांगी कापून अळी शोधत होता.

"पुढच्याची सगळी परत पाठवली गं!"

"आपली घेतील, आई."

"कशी घेतील? लोक जालीम औषधं मारतात. तू नुसता निंबोळीचा अर्क फवारलास, खत म्हणून पालापाचोळा कुजवून घातलास. आता घरी काय तोंड दाखवायचं?"

"आधी कापू तर द्या त्यांना."

"स्वच्छ आहे," व्यापारी म्हणाला. "हेही स्वच्छ. अरे, हेसुद्धा! ताई, काय फवारलंत?"

"निंबोळीचा अर्क," सून पुटपुटली.

"अगं, हळू काय बोलतेस? अहो रांगेतले, इकडे बघा! आमच्या सूनबाईची वांगी आहेत ही. एक अळी दाखवा, अख्खी पाटी तुमची!"