न रडणारं लेकरू

संशय कसा घ्यावा, ते आमच्या गौराक्कांकडून शिकावं! सत्तरच्या दशकात मी सोलापुरात नर्सिंग शिकत होते, तेव्हाच्या या आमच्या घरमालकीणबाई.

लहान मुलांच्या नर्सिंगची प्रॅक्टिकल तोंडावर आली होती. परीक्षकांसमोर बाळाला अंघोळ घालून दाखवायची होती. म्हणून मी आणि माझी मैत्रीण सुलू रोज सकाळी खोलीचं दार लावून कापडी बाहुलीवर सराव करायचो. दोरीवर झबली वाळायची, आतून सुलू ओरडायची, "अगं, मान धर, मान!" आणि आम्ही दोघीही बिनलग्नाच्या.

एके सकाळी दारावर जोरात थाप पडली. गौराक्काच.

"कुणाचं हाय?"

"काय, अक्का?"

"लेकरू! आन् रडत कसं न्हाय ते? अफू चारताय व्हय?"

"अहो, परीक्षा आहे आमची."

"परीक्षा तुमची, पर लेकरू कुणाचं? दावा, न्हायतर आजच खोली सोडा."

ऐन परीक्षेत कुठं जाणार? मी पंच्यात गुंडाळलेली ओली बाहुली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी केली, पोट दाबलं. सगळं पाणी त्यांच्या लुगड्यावर. मला वाटलं, आता तरी हसतील.

त्या खाटेखाली वाकल्या, फडताळ उघडून बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या,

"ही झाली मला दावायची. खरं कुटं लपवलंय?"