बाटलीवरचे कागद

माहे नोव्हेंबर, सन १९५९

मी लालसू वल्द कोलू मडावी, वय अंदाजे पंचेचाळीस, काम डाकबंगल्याची चौकीदारी, राहणार मौजा कोसमटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, ठाण्यात जातीने येऊन विचारल्यावरून सांगतो की, माझी बायको बुधरी कालपासून येथील हवालातीत आहे. तिच्यावर विलायती दारूचा आळ आहे. तिला सोडवायला मी आलो आहे.

डाकबंगल्यावर मोठे साहेब फिरतीवर येतात. त्यांच्या जीपमधून वाईनच्या बाटल्यांची पेटी येते. पेटी जड येते आणि हलकी जाते. यंदा दारूबंदी लागली तेव्हा साहेबांनी मला सांगितले की, रिकाम्या बाटल्यांवरचे कागद काढत जा, कागद गेला की बाटली कोणाचीच नसते. हे काम बंगल्यावर करू नये, घरी करावे, असेही सांगितले. मी घरी नेऊन चाकूने खरवडले. अर्धा कागद हातात आला, अर्धा बाटलीवर राहिला. बुधरी म्हणाली, "कागद काढून राह्यले का डुकराचे केस?" तिने बाटल्या राखेच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवल्या आणि मग कडेने नख घालून कागद अख्खे उचलले. चिकटा भाताच्या तणसाने घासला. तेव्हापासून हे काम तिचे.

धुतलेल्या बाटल्या टोल्यात घरोघरी वाटल्या. दवाखान्यात औषध पाहिजे तर बाटली आपली न्यावी लागते. बाटली नाही म्हणून खोकला तसाच घेऊन परतणारे आमच्याकडे पुष्कळ. सध्या टोल्यातले औषध, मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल आणि रॉकेल, सर्व साहेबांच्या बाटल्यांत आहे.

कागद मी चुलीत घालणार होतो. बुधरीने घालू दिले नाहीत. एकावर घोडा होता, काहींवर काळ्या फळांचे घोस. ती म्हणाली, "जांभळं अशा घोसानं लागते का जी कुठी?" एकावर मोठा बंगला होता. त्याच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "एवढं मोठं घर, अन् दारात माणूस नाई. तिथला चौकीदारबी घरी बाटल्याच धुवून राह्यला असन." धावड्याच्या डिंकाने तिने सगळे कागद चुलीसमोरच्या भिंतीवर लावले. आमच्या घरात दुसरे चित्र नाही.

काल सकाळी दारूबंदीचे शिपाई हातभट्टी शोधत टोल्यात आले. माझ्या घरी त्यांना मोहाचे फूलसुद्धा मिळाले नाही, भिंत मिळाली. मी बंगल्यावर होतो. पुढचे शेजारच्या लच्छूने सांगितले ते असे. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "वा रे वा! आमी मोहाच्या वासामागं हिंडून राह्यलो, अन् इथी बाई विलायती पेते!" बुधरी म्हणाली, "पेत नाई जी मी, निस्ती काढतो." कागद काढतो, हे सांगेपर्यंत दारू काढते असे लिहून झाले होते. पिण्याचा आळ होताच, गाळण्याचा वाढला. भिंतीवरचे कागद त्यांना निघेनात. त्यांनी तिलाच काढायला सांगितले. ती म्हणाली, पाणी तापवावं लागन. त्यांना घाई होती. भिंतीचा तेवढा भाग कुदळीने पाडून मुद्देमाल म्हणून नेला, आणि तिलाही नेले.

तरी बाटल्या साहेबांच्या असून

(या वेळी साहेबांची जीप ठाण्यात आल्याने जबाब थांबवला. चहा झाल्यावर पुढे सुरू.)

पुढे सांगतो की, वर जेथे जेथे साहेब आले आहेत तेथे ते माझ्या चुकीने आले आहेत. साहेब बंगल्यावर जंगल पाहण्यास येतात. बाटल्या माझ्या आहेत. कोणाकडून घेतल्या ते आठवत नाही. मी एकट्याने प्यालो. बायकोने फक्त कागद काढले, तेही मी सांगितले म्हणून. हे मी कोणाच्या दबावाने सांगत नाही. बायकोला आज सोडू आणि मी तुरुंगात असेपर्यंत बंगल्यावरची चौकीदाराची खोली तिला राहायला देऊ, याशिवाय साहेबांचे माझ्याशी काही बोलणे झाले नाही.

या वेळी हवालातीतून बुधरी ओरडली, "अवो, काऊन खोटं बोलता? तुमाले त ताडीनंबी उलटी होते!" जबाब लिहिणारे जमादार म्हणाले, "बाई, चूप राहा. जबाब त्याचा हाय." तिला सुटायचे आहे की नाही, असेही विचारले. त्यानंतर तिच्या रडण्याचा आवाज आला, तो जबाबाचा भाग नाही.

दारूची चव कशी होती असे विचारल्यावरून मी सांगितले, गोड. जमादारांची लेखणी थांबली. व्हरांड्यातून साहेब म्हणाले, "तुरट." तरी चव तुरट होती.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

निशाणी डावा अंगठा, लालसू वल्द कोलू मडावी