सासूबाई कशा चढणार?

...नाही, तुम्हीच सांगा, जेवणाच्या टेबलावर, बटाट्यांच्या भांड्याशेजारी, माणसाने गाडीचा जुना शॉक, तो चाकापाशी दणके खाणारा दांडा, ठेवावा का? नवा असता तर एक वेळ... हा कुठल्यातरी भंगारातून आणलेला, त्यावर काळा चिकटा, चिकट्यात केस, ते कुत्र्याचे असावेत अशी मी मनाची समजूत घातली, आणि आमचा लायल त्याच्याकडे इतक्या प्रेमाने बघतोय की लग्नात माझ्याकडेसुद्धा बघितलं नव्हतं. 'अर्डिस,' मला म्हणतो, 'जाडी बघ याची.' मी म्हटलं, 'मी ग्रेव्ही बघतेय. तिच्यात काहीतरी ठिबकलंय.' तर त्याने बोट बुडवून बघितलं. चाखलं हो. म्हणाला, 'तेल नाहीये, गंजाचं पाणी आहे.' आणि वाढून घेतली.

तुम्हाला सांगते, सगळा हिवाळा आमच्या घरात हाच विषय. पिकअप उंच करायचा. चांगला धडधाकट डिझेल पिकअप, गुरांचा ट्रेलर ओढतो, गवताच्या गासड्या ओढतो, आणि मार्चच्या चिखलात आमच्या रस्त्यावरून गावापर्यंत जाणारं घरातलं ते एकमेव वाहन. त्याला काय झालं? काही नाही. झालं ते लायलला. शिकारीच्या दिवसांत डोंगरावर हा चाकोरीत अडकला, पिकअपचं पोट टेकलं, आणि बाहेर काढलं कुणी, तर चुलतभाऊ कर्बीने. त्या कर्बीचा पिकअप आधीच इतका उंच की खालून मेंढी जाईल. ओढून काढलं ते काढलं, वर गावभर सांगत सुटला, 'लायलचा पिकअप ना, चांगला बसला होता पोट टेकून. रवंथ करत होता.' झालं. दुसऱ्या दिवसापासून लायल टेप घेऊन अंगणात.

माझं एकच म्हणणं होतं. सासूबाई कशा चढणार?

आमच्या सासूबाई, व्हर्ना, त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन शरद ऋतूत झालेलं. सगळी थंडी खिडकीत बसून काढली, तक्रार म्हणून नाही. एकच धरून बसल्या होत्या, इमोजीनला भेटायचं. इमोजीन म्हणजे त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. ती मार्चमध्ये मुलीकडे ॲरिझोनाला निघाली होती, कायमची. चर्चमध्ये तिच्यासाठी निरोपाचं जेवण ठरलेलं. दोघींचं वय बघता पुन्हा भेट होणार होती का? नाही. हे त्यांनाही माहीत, मलाही माहीत. माहीत नव्हतं ते फक्त पोटच्या मुलाला, कारण तो इंच मोजत होता.

गेलो गावात, रँडलच्या दुकानात. हा रँडल बोलतो तेव्हा तोंडात तंबाखूचा बार, आणि प्रत्येक वाक्यानंतर कोकच्या रिकाम्या बाटलीत थुंकतो, आणि ती बाटली काउंटरवर, आपल्या हातापाशी, उन्हात... मी हात काढून घेतला. 'हे बघ लायल,' पिचिक्, 'नुसती पुढे पॅकिंग टाकून उंच करतात ना, ती पोरं,' पिचिक्, 'तो नुसता दिखावा. तुझ्यासारख्याला पूर्ण किट पाहिजे. स्प्रिंगा नव्या, शॉक नवे, मागचे पाटे नवे. सहा इंच.' मी विचारलं, 'आणि सासूबाई कशा चढणार?' तर म्हणतो, 'त्याला पायरी मिळते की, बटण दाबलं की बाहेर येते.' लायल म्हणाला, 'नको, पायरी खाली लोंबते, खडकाला अडकते.' म्हणजे गाडी उंच करायची खडक चुकवायला, आणि पायरी नाही लावायची, कारण ती खडकाला अडकेल, आणि म्हातारीने काय करायचं, उडी मारायची?

बरं, घरी आल्यावर तरी सुटका? गुरांचा डॉक्टर आला होता, हस्टेड. कालवड अडलेली. त्याचा हात खांद्यापर्यंत आत, कालवड हंबरतेय, मी कंदील धरलाय, आणि हा माणूस, गाल गाईच्या ढुंगणाला टेकलेला, लायलला म्हणतो, 'सहा कशाला? चारच घे. सहाने ड्राइव्ह शाफ्टचा कोन बिघडतो... थांब, पाय लागला हाताला... ट्रेलर ओढताना गाडी थरथरते.' लायल म्हणतो, 'पण कर्बीचं सहा आहे.' डॉक्टर म्हणतो, 'कर्बी कुठे गुरं ओढतो?' मी म्हटलं, 'अहो, आधी वासरू ओढा.' ओढलं. माझ्या बुटांवर सगळं आलं. आणि डॉक्टर हात पुसत होता कशाला, तर माझ्या कोटाला. मी तेवढ्यातही विचारलं, 'डॉक्टर, सासूबाई कशा चढणार?' त्याने वासराकडे बघितलं, म्हणाला, 'कालवड झाली,' आणि गेला.

मग इंटरनेट. कुठल्या कुठल्या गावचे बाप्ये, नाव नाही गाव नाही, फोटोत फक्त टायर, आणि त्यांची आपसात भांडणं. एक म्हणतो हे किट घ्या, दुसरा म्हणतो ते घेणाऱ्याला अक्कल नाही, तिसरा दुसऱ्याची आई काढतो, आणि आमचा लायल हे मला पलंगावर पडल्या पडल्या मोठ्याने वाचून दाखवतो. पाद्रीबाबा घरी आले, मला वाटलं, देवाचा माणूस, सासूबाईंची चौकशी करेल. केली. एका वाक्यात. मग अंगणात गेले आणि पिकअपखाली आडवे झाले, चांगल्या पँटीत, आणि खालून म्हणाले, 'अडीच इंचात भागेल असं मला वाटतं.' म्हणजे यांना सुद्धा मत आहे.

शेवटी काय घेतलं? सहा. डॉक्टरने चार सांगितलं, पाद्र्याने अडीच सांगितलं, कर्बीचं सहा होतं, म्हणून सहा. तीन दिवस आमच्या शेडमध्ये लायल आणि कर्बी पिकअपखाली, बाहेर फक्त चार पाय, आणि आतून शिव्या. आणि पिकअप तयार झाला कधी? निरोपाच्या जेवणाच्या दिवशी सकाळी.

सासूबाई निळा पोशाख घालून, केस नीट करून, काठी घेऊन बाहेर आल्या. पिकअपचा दरवाजा उघडला, तर सीट त्यांच्या छातीला. लायलने बादली उपडी ठेवली. बादली चिखलात रुतली. मग दूध काढायचं स्टूल आणलं, त्यावर सासूबाई चढल्या, खुब्यात कळ आली, तोंड पांढरंफटक. लायल म्हणाला, 'आई, मी मागून ढकलतो.' त्या म्हणाल्या, 'हात लावून बघ.' कर्बी म्हणाला, 'इंजिन उचलायची साखळी आहे माझ्याकडे...' मी त्याच्याकडे बघितलं तसा तो दोन पावलं मागे सरकला. मी काही ओरडले नाही. नुसतं म्हटलं, 'मी हिवाळाभर एकच गोष्ट विचारत होते, लायल.' तो मान खाली घालून टायर बघत होता. आता सुद्धा टायरच.

सासूबाईंनी आमच्या तिघांकडे पाठ फिरवली आणि काठी टेकत निघाल्या. मला वाटलं, घरात गेल्या. गेल्या कुठे, तर गोठ्याकडे. तिथे आमच्याकडे गुरं ट्रकमध्ये चढवायचा लाकडी उतार आहे, दोन्हीकडून फळ्या लावलेला. त्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या, 'लायल, पिकअप इकडे लाव. दार या बाजूला.' आणि त्या निळ्या पोशाखात, चर्चच्या बुटांत, वर्षभराच्या शेणातून, जिथून आमचे बैल विक्रीला जातात तिथून, एका हाताने फळी धरून, ही बाई हळूहळू वर गेली आणि आडवं पाऊल टाकून सीटवर बसली. बूट असे माखलेले की मला बघवेना. म्हणाल्या, 'चला, जेवण निवेल.'

आता चर्चपाशी उतार कुठला? त्या उतरल्याच नाहीत. काच खाली केली आणि म्हणाल्या, 'इमोजीनला बाहेर बोलवा.' वारा असा की टोपी उडावी. इमोजीन आली, चिमणीएवढी बाई, तिने वर बघितलं आणि म्हणाली, 'व्हर्ना, तुझ्या अंगाला शेणाचा वास येतोय.' सासूबाई म्हणाल्या, 'ये वर.' आपल्या पिकअपमधून मागोमाग आलेल्या कर्बीने तिला उचललं, एरवी मेला कशाच्या उपयोगाचा नाही, आणि लायलच्या जागी स्टिअरिंगमागे बसवलं. मी दोन ताटं आत दिली. दरवाजे लागले, काचांवर वाफ धरली. आत हीटर चालू, बाहेर आम्ही. चर्चच्या ज्या तळघरात निरोप होता तिथे निरोप घेणारीच नाही, सगळं गाव आलटूनपालटून बाहेर येऊन त्या पिकअपकडे बघून परत जातंय. एकदा आतून दोघी हसल्याचं ऐकू आलं. इमोजीनला खाली उतरवलं तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि सासूबाईंनी तिचा रुमाल हातात घट्ट धरला होता.

निघालो. मी मागच्या सीटवर, शेणाच्या बुटांच्या वासात. पुढे मायलेक. सासूबाई म्हणाल्या, 'किट चांगलं आहे रे लायल. दणके बसत नाहीत.' लायल असा फुलला... 'बघ अर्डिस.' बघितलं. आमच्या रस्त्यावर गुरं अडवायला गेटं आहेत, आणि गेट उघडायला कोण उतरणार, तर मी. प्रत्येक गेटला दाराला लोंबकळून उतरायचं, गेट उघडायचं, पिकअप पुढे गेला की गेट लावायचं, मग टायरवर पाय ठेवून पोटावर सरपटत वर. स्कर्टमध्ये. शेवटच्या गेटला मी उतरले, उघडलं, पिकअप पुढे गेला, आणि गेलाच. दोघं शॉकविषयी बोलत होती, मला खिडकीतून दिसत होतं. मी गेट लावलं आणि चिखलातून चालत निघाले. हाक मारली असती हो, पण तेवढ्या उंचीवर खालचं ऐकू जात नाही.