शेरा : पोरगा गरीब आहे

नाही, पण मला एक सांगा, गरीब म्हणजे वाईट असतं का? तुम्ही एवढी शहाणी माणसं बसलात इथं, सांगा ना! गरीब म्हणजे काय, खिशात काही नसलेला? नाही हो! गरीब म्हणजे साधा, बिचारा, कुणाच्या वाटेला न जाणारा, बोललं तरी उलटून न बोलणारा... आमच्या कळंबच्या बाजारात कुणालाही विचारा, गाय गरीब असते, पोरगी गरीब असते, एखादा मास्तरसुद्धा गरीब असतो! पण हे त्या स्वीडनच्या पोराला कोण सांगणार?

हसू नका. स्वीडनच म्हणाले मी.

तुम्हाला सांगते, झालं काय, स्टँडसमोर बियाण्याच्या दुकानावर राजसनं कंप्युटरचं केंद्र काढलंय. राजस म्हणजे आमच्याच गल्लीतला, पंचविशीचा, मला काकू म्हणतो. त्याला पुण्याची एक कंपनी काम देते, तिला परदेशातली कंपनी काम देते, आणि ते काम वरून झिरपत झिरपत माझ्या टेबलावर येऊन पडतं. मी बारावी, ती पण कधीची! म्हटलं, बाबा, मला जमेल का? तर म्हणतो, "काकू, टीव्ही बघता ना? मग झालं की!" आणि घरी बसून तरी मी काय करणार होते? मालक लोहाऱ्याच्या तहसीलला, शनिवारी येणार, रविवारी धुतलेले कपडे घेऊन जाणार. लेक निकिता पुण्याला. घरात माझ्याशी बोलणारा एकटा कुकर, आणि तोही तीन शिट्ट्या झाल्या की गप्प.

तर काम काय, बर्फावरची हॉकी! पायाला सुऱ्या बांधलेली पोरं, प्रत्येकाच्या हातात वाकडी काठी, मधी एक काळी चकती, आणि ती कुठं गेली हे देवालाही दिसत नाही. त्यातल्या एकाच पोरावर नजर ठेवायची, सत्तावीस नंबर. त्यानं चकतीला काठी लावली की एक बटण, दुसऱ्याला दिली की दुसरं, गोल मारला की तिसरं, आपटला की चौथं. नाव त्याचं आर्विद. आडनाव इतकं लांब, की वाचून होईपर्यंत एसटी वाशीला पोचेल. मी आपलं अरविंद म्हणायचे. अठरा वर्षांचं पोर. जूनमध्ये म्हणे तिकडं अमेरिकेतले मोठे मोठे क्लब जगभरातली अशी पोरं निवडून घेतात, एकेकाचं नाव पुकारतात, त्याला ड्राफ्ट म्हणायचं. ज्याचं नाव आलं त्याचं आयुष्य लागलं मार्गाला. आणि त्याच्या आधी शंभर माणसं शंभर बाजूंनी चौकशी करतात, पोरगा कसा आहे, पळतो कसा, वागतो कसा... राजस म्हणाला, "काकू, त्याला स्काउटिंग म्हणतात." म्हटलं, सरळ सांग ना, स्थळ बघणं आहे!

आणि स्थळाची चौकशी मला कुणी शिकवायची गरज आहे का?

पहिले पंधरा दिवस तर मी त्या कोचवर इतकी चिडले, इतकी चिडले! पोरगं आत्ता कुठं बर्फावर उतरलं, जरा पळायला लागलं, की पाऊण मिनिटात परत बोलावलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा बोलावलं! म्हटलं, राजस, ह्या पोराचं कोचशी काही वाकडं आहे बघ, सारखं बाहेर बसवतोय त्याला. राजस कपाळाला हात लावून म्हणतो, "काकू, सगळ्यांनाच काढतात. दम लागतो म्हणून. नियम आहे तो." असेल! पण मी बाकीच्यांकडं बघतच नव्हते ना, मला कसं कळणार?

बाजूच्या टेबलावर मथुराबाई. ती रस्त्यांच्या फोटोतले ट्रक मोजते, परदेशातल्या रस्त्यांवरचे. एप्रिलमध्ये पत्रे असे तापले होते, कूलर नुसती गरम हवा फेकत होता, तर ही खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर! "सरक गं अनसूया, जरा गार वाटतंय तुझ्या बर्फाकडं बघून." आणि मी आपली पडद्याशी बोलतेय, अरे देऊ नको, अरविंदा, तूच मार... अरे पुन्हा दिलीस का त्याला! तर ही म्हणते, "बया, लई जीव लावलाय! सासू झालीस का काय त्याची?"

नाही हो, सासू कशाची. पण चार महिने, रोज सात तास एकाच माणसाकडं बघितलं ना, तर माणूस कळतो. सव्वीस वर्षांत मालकांकडं एवढं सलग बघितलं नाही मी! ह्या पोराला कुणी पाडलं, तर हा उठायचा आणि पाडणाऱ्यालाच हात द्यायचा. पंचाशी वाद नाही. गोल झाला की बाकीचे एकमेकांच्या गळ्यात, हा कडेला, काठीनं गोलकीपरच्या पायाला हळूच ठकठक करणार, बास. आणि बाकावर बसला की अगदी टोकाला. बाकीच्यांचं खिदळणं चाललेलं, हा एकटा पाणी पितोय, बुटाची नाडी सोडतोय, परत बांधतोय. सोडतोय, परत बांधतोय. त्याला बटण नव्हतं. चार महिन्यांत कितीदा बांधली असेल नाडी त्यानं, पण त्याची नोंद घ्यायला बटणच नाही!

आणि तुम्हाला सांगते, सगळा घोळ त्या चौकोनानं केला. शेवटच्या फॉर्मवर खाली एक रिकामा चौकोन. बटणांत न आलेलं काही दिसलं असेल तर लिहा, असा. बाकीच्या बायका तो रिकामाच सोडायच्या. मथुराबाई म्हणाली, "सोड की! ट्रकबद्दल काय लिहू मी, सालस हाय म्हणून?" पण मला रिकामा चौकोन बघवत नाही. आणि माझं मत विचारतंय कोण, किती वर्षांनी! मी पदर खोचला आणि मराठीत लिहिलं, इंग्रजी पुढं कंप्युटरच करतो. जसं आपण चौकशीला आलेल्या पाहुण्याला मनापासून सांगतो ना, अगदी तसं लिहिलं. 'पोरगा गरीब आहे. खाली मान घालून येतो, खाली मान घालून जातो. कुणाच्या अध्यात ना मध्यात.'

सांगा आता! आपल्याकडं याच्यावर मुलीचा बाप आणखी काय मागेल? लगेच सुपारी फुटेल!

तिसऱ्या दिवशी राजस माझ्यासमोर येऊन उभा. तोंड हे एवढं. "काकू, तुम्ही काय लिहिलंत?" म्हटलं, खरं ते लिहिलं. म्हणाला, "तिकडून मेल आलीये." आणि वाचून दाखवली. आपल्या कंप्युटरनं त्याचं इंग्रजी काय केलं, तर 'पुअर प्लेअर'! म्हणजे पोरगा भिकार खेळतो! पुढं, 'डोकं खाली घालून खेळतो.' आणि शेवटी, 'खेळात कुठंच नसतो.' आणि तिकडचे साहेब विचारतात, डोकं खाली घालून खेळतो हे किती वेळा दिसलं, कोणत्या मिनिटाला दिसलं, ताबडतोब कळवा, गंभीर बाब आहे!

म्हटलं, यात गंभीर काय? तर राजस म्हणतो, "काकू, बर्फावर मान खाली घालून पळणं म्हणजे हायवेला डोळे मिटून गाडी चालवणं. समोरचा येतो आणि उडवतो. त्यांच्यात ह्याच्यापेक्षा मोठा अवगुण नाही." अगं बाई! आणि आमच्या आईनं मला अठरा वर्षं तेच शिकवलं की हो! मालकांकडची माणसं आमच्या गल्लीत चौकशीला आली, तेव्हा शेजारच्या धुरपदाबाई ओट्यावर बसून हेच बोलल्या होत्या, शब्दाला शब्द. "लई गरीब हाय पोरगी. खाली मान घालून जाती, खाली मान घालून येती." तेवढ्यावर ठरलं माझं. तेवढ्यावर! माझा ड्राफ्ट एका मिनिटात झाला. मला कुणी विचारलं नाही, कोणत्या मिनिटाला मान खाली होती म्हणून.

मी म्हटलं, राजस, दुरुस्ती पाठव. आत्ताच्या आत्ता. मी सांगते, तू लिही. लिही, गरीब म्हणजे वाईट नव्हे. तो कुणाला धक्का देत नाही. पाडलं तरी रागवत नाही. चकती मिळाली की आधी दुसऱ्याला देतो. आरडाओरडा करत नाही, आपला एका कडेला शांत बसतो. राजसनं टाईप केलं, पाठवलं, आणि मग पडद्याकडं बघत बसला. म्हटलं, काय झालं? तर म्हणतो, "काकू, ह्याचा अर्थ तिकडं असा लागतो, अंगावर जायला घाबरतो, जिद्द नाही, स्वतः मारायची हिंमत नाही, संघात मिसळत नाही." आणि हात जोडले हो त्यानं माझ्यासमोर! "काकू, पाया पडतो, आता त्याचं कौतुक करू नका. तुमच्या प्रत्येक कौतुकाला ते पोरगं दहा-दहा नंबर खाली चाललंय!"

आता रडावं का हसावं? मथुराबाई ट्रक मोजायचं सोडून हसायला लागली, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून परत ट्रक मोजायला लागली.

घरी जाऊन मला भाकरी गोड लागेना. आणि मग आठवलं! खरी गोष्ट तर मी लिहिलीच नव्हती! ते पोरगं मान खाली घालून चाललेलं असायचं, पण न बघता पाठीमागं चकती द्यायचं आणि ती बरोब्बर आपल्या माणसाच्या काठीवर! जो सगळ्यांपासून लांब बसतो ना, त्याला कोण कुठं आहे हे सगळं ठाऊक असतं हो. मला नाही का, गल्लीत कुणाची गाडी आली, कुणाच्या घरी पाहुणा आला, नुसत्या आवाजावर कळतं? पण माझ्या मते ते बटणात येऊन गेलं होतं, पास दिला की दुसरं बटण! सकाळी केंद्राचं कुलूप उघडायच्या आधी मी पायरीवर बसलेली. राजस आला, बघितलं, म्हणाला, "काकू, फॉर्म बंद झाला. आता काही लिहिता येत नाही."

सांगा तुम्ही, गरीब म्हणजे वाईट असतं का?

मालक शनिवारी आले. सगळं सांगितलं. जेवता जेवता ऐकलं त्यांनी, आणि तहसीलमध्ये अर्जदाराला सांगतात तसं म्हणाले, "मुदतीनंतर दुरुस्ती होत नसते." आणि ताक मागितलं.

जूनच्या शेवटी ती निवड झाली. सकाळी मी राजसला म्हटलं, यादी वाच. म्हणाला, दोनशेच्या वर नावं आहेत. म्हटलं, वाच. मी पदराचं टोक धरून उभी. पन्नास झाली, शंभर झाली, कुणीकुणी कुठलीकुठली पोरं, दीडशे झाली, दोनशे... राजसचा आवाज बारीक होत गेला. माझा अरविंद त्यात नव्हता.

मला म्हणाला, "काकू, मनाला लावून घेऊ नका. तिथं पन्नास तज्ज्ञ बघतात, त्यांचे कागद वेगळे. तुमच्या एका ओळीनं काही होत नसतं." बरं वाटावं म्हणून म्हणाला बिचारा. पण तुम्हाला खरं सांगते, मला कळेना, हलकं वाटायला पाहिजे का आणखी वाईट! म्हणजे माझ्यामुळं बिघडलं नाही, हे चांगलंच. पण मग माझ्या ओळीनं काहीच होत नसेल, तर तो चौकोन ठेवला कशाला होता?

आणि वरून कडी म्हणजे, जुलैत मला प्रशस्तिपत्रक आलं! ज्यांचा शेरा आणि निकाल जुळला, त्यांची म्हणे टक्केवारी काढली. मी 'भिकार खेळतो' लिहिलेलं, आणि पोराची निवड झाली नाही. म्हणजे माझी नजर शंभर टक्के! पूर्ण केंद्रात पहिली! राजसनं रंगीत प्रिंट काढून भिंतीवर लावलं. मथुराबाईनं पेढे मागितले. मी त्या कागदाकडं पाठ करून बसते.

शेवटी राहवलं नाही. राजसला म्हटलं, मला त्या पोराशी बोलायचंय. एकदाच. आधी नाही नाही म्हणाला, मग माझ्याच फोनवर ते फोटोचं ॲप टाकून दिलं, पोरगं शोधून दिलं, आणि म्हणाला, "लिहा. पण काकू, कौतुक नको!" मग मी लिहिलं, अगदी मोजून मापून. 'बाळा, मी कळंबची अनसूया. तुझे अडतीस सामने मी बघितले. तुझ्या पाठीलाही डोळे आहेत. माझ्याकडून एक शब्द चुकला, मनात ठेवू नको. बाकावर एकटा बसू नको. जेवत जा वेळेवर.' फोननं त्याचं स्वीडिश काय केलं असेल, ते देव जाणे.

चार दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. भाजी निवडताना शेजारी, आंघोळीला गेले तर कोनाड्यात. पाचव्या दिवशी दुपारी वाजला. हात पुसले, चष्मा लावला, उघडून बघितलं... काय असावं? एवढं मी मनापासून लिहिलेलं, त्याच्याखाली त्यानं एक पिवळा अंगठा टाकलेला. एकच. अक्षर नाही, काही नाही, नुसता अंगठा!

आधी वाटलं, रडू येतंय. मग म्हटलं, अगं वेडे, रडतेस काय? निकिताला 'जेवलीस का' म्हणून विचारलं, की ती तरी दुसरं काय पाठवते? हाच अंगठा! तेव्हा आता माझ्या मनात काही शंका नाही बघा. पोरगा गरीब असो, नसो, तो आपल्याच घरातला आहे.