मान फिरवणारा माणूस

नाही हो, ती सीडी नाही म्हटलं ना — म्हणजे आहे, पण देणार नाही. धारवाडच्या सप्तापूरहून एवढ्या लांब आलात, खरंय, पण दुसरा कुठलाही गेम घ्या. हे गेमचं पार्लर माझ्या दिराचं, मंजुनाथचं. तो बँकेत गेलाय, तोवर मी बसलेय. काय आहे त्या गेममध्ये? भूत? भूत असतं तर बरं होतं की! एक माणूस असतो, बंद पडलेल्या लॉजमध्ये बायकोला शोधत फिरतो. हाका मारतो, रडतो, आपल्याला दया येते त्याची. पण एका दारापाशी आला की मान फिरवतो. कितीही बटणं दाबा, तिकडं बघतच नाही. आतून थापा ऐकू येतात, तरी हा पुढं. मग हळूहळू आपल्याला कळायला लागतं — ह्याला ठाऊक आहे ती कुठं आहे ते.

मला कसं माहीत? दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मंजू तोच खेळायचा. मी चहा घेऊन यायची, उभ्याउभ्या बघायची. मालती — माझी जाऊ, मंजूची बायको — पावसाळ्यात गेली. स्टोव्हचा भडका उडाला. आम्ही नवराबायको अळणावरला लग्नाला गेलेलो. स्वयंपाकघराचं दार पावसानं फुगलेलं, उघडलंच नाही, असं मंजूनं सांगितलं, पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. गुणी पोरगी हो. भांडताना आवाज चढायचा तिचा, एवढंच. आणि तो गेम बघूनबघून मला दिसायला लागलं — मंजूसुद्धा स्वयंपाकघरावरून जाताना मान फिरवतो! जेवायला ताट बाहेर मागतो. दुःख असणार, म्हटलं मी. दुःखच ना? ती जागा माणूस कशी बघेल? — असं मीच मला समजावायची.

परवा मी चहा घेऊन त्याच्या मागं उभी होते. मंजूनं पहिल्यांदाच गेममधलं ते दार उघडलं. आत बायको पाठमोरी बसलेली. खाली इंग्रजी अक्षरं आली — दहावी झालीय माझी, तेवढं कळतं — ती विचारते, बाहेरून कडी का लावलीस? आणि मंजू बोलला. गेममधला नव्हे हो, आमचा मंजू, मोठ्यानं, मराठीत — 'ओरडायची थांबली असतीस तर काढणारच होतो.'

चहा सांडला माझ्या हातावर. तो वळला, बघत राहिला माझ्याकडं. मग अगदी हळू, मायेनं विचारलं, 'भाजलं का, वहिनी?'

ह्यांना? सांगितलं की! म्हणाले, खेळाच्या नादात बोलला असेल, भाऊ आहे तो माझा, तोंड बंद ठेव. बंदच ठेवलंय. दुसऱ्या कुणाजवळ बोलले नाही — आणि काल — अय्यो, तुम्हाला कशाला सांगतेय मी हे — काल आमच्या खोलीच्या दाराला त्यानं बाहेरून कडी बसवली. मांजर शिरतंय म्हणाला. आमच्या गल्लीत मांजर नाही हो! आणि हे उद्या माल आणायला बेळगावला, मुक्कामाला. घरात मी आणि तो. ओरडून काय उपयोग, सांगा? मालती ओरडलीच होती की. झोप नाही मला. कडीला चिंधी बांधून ठेवू का, अडकावी म्हणून — असले विचार करते रात्रभर. ऐका, तुम्ही धारवाडचे. तिथं असलं कुणाला सांगता येतं? बाईमाणसाचं ऐकून घेणारं कुणी? इथं नको, इथं सगळे त्याला ओळखतात, पोलीससुद्धा त्याला अण्णा म्हणतात. मी तुमच्याबरोबर आत्ता बसनं आले तर —

थांबा. जिन्यावर —

या भावजी! लवकर आलात? येनिल्ल, काही नाही, गिऱ्हाईक आहे. कडी? कुठली कडी? — गाडी, गाडी! गाड्यांच्या शर्यतीचा गेम मागतायत. नाही म्हटलं, संपला. हो ना हो? बोला की. — बरं, जा तुम्ही. जा. आणि अहो — दार ओढून घेऊ नका. उघडंच राहू दे.